खरवडल्यावर येणारे रक्ताचे थेंब आणि कातडीतल्या स्टेम सेल्स

भांडुपच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचा दादा ४३ वर्षांचा, सोरायसिसला ११ वर्षं झाली. खवला नखाने निघाला की खाली रक्ताचे बारीक थेंब येतात, म्हणून घरचे धास्तावतात. मध्यंतरी ताईंच्या वाचनात आलं की सोरायसिसमध्ये कातडीतल्या स्टेम सेल्सच रक्तवाहिन्या वाढवायला लावतात. नेमकं त्याच सुमाराला दादाला एका क्लिनिकने स्टेम सेलच्या इंजेक्शनांचं पॅकेज सुचवलं. आगाऊ पैसे भरले तर सवलत. ताई विचारतात, "ज्या पेशी आजार वाढवतात, त्याच टोचून आजार बरा कसा होणार? दोन्हीतलं एक काहीतरी खोटं असणार ना?"

ताई, दोन्हीतलं एकही धड खोटं नाही, हीच तर पंचाईत आहे. पण पैसे भरू नका. का, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

आधी ते थेंब. माझ्याकडे नवा पेशंट आला की काचेच्या स्लाइडच्या कडेने मी चट्टा हलकेच खरवडते. सुरुवातीला पांढरा भुगा पडतो, वाळलेलं मेणबत्तीचं मेण खरवडावं तसा. मग खवले संपतात आणि एक ओलसर, चकाकणारा पातळ पापुद्रा लागतो. तो सुटला की क्षणभर काहीच होत नाही, आणि मग टाचणीच्या टोकाएवढे लाल थेंब एकेक करून वर येतात. याला ऑस्पिट्झची खूण म्हणतात. हाइनरिश ऑस्पिट्झ हे १९व्या शतकातले व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ. ही खूण प्रत्येक सोरायसिसमध्ये सापडतेच असं नाही, इतर काही आजारांतही दिसते. म्हणजे थेंब आले म्हणून सोरायसिसच, किंवा आले नाहीत म्हणून तो नाहीच, असं नसतं. आणि कृपा करून हा प्रयोग घरी करू नका. जिथे कातडीला इजा होते तिथे नवा चट्टा उठू शकतो, याला कोब्नरची प्रतिक्रिया म्हणतात. माझा एक जुना पेशंट बसमध्ये कंडक्टर होता. त्याच्या खांद्यावर चामडी पिशवीच्या पट्ट्याने आखून दिल्यासारखा तिरका चट्टा होता. बायकांमध्ये परकराच्या नाडीच्या ओळीवर असाच चट्टा दिसतो. नखाने खवले काढणं म्हणजे रोज नवी नाडी आवळण्यासारखं.

थेंब का येतात? कातडीच्या वरच्या थरात, बाह्यत्वचेत, एकही रक्तवाहिनी नसते. रक्त खालच्या थरात, म्हणजे डर्मिसमध्ये असतं. हे दोन थर फरशीवर फरशी ठेवल्यासारखे सपाट बसलेले नसतात. खालच्या थराचे बोटांसारखे उंचवटे वरच्या थरात घुसलेले असतात आणि प्रत्येक बोटात केसाहून कितीतरी बारीक केशवाहिनी वर जाऊन वळसा घेऊन खाली येते. सोरायसिसमध्ये ही बोटं लांबलचक होतात, त्यांच्या डोक्यावरचं छप्पर पातळ होतं आणि आतली केशवाहिनी फुगून, पिळे घेत पार वरपर्यंत येते. खवल्याबरोबर छप्पर निघालं की तिचं टोक उघडं पडतं, आणि ते म्हणजे थेंब. म्हणजे "रक्त खराब झालंय" हा त्याचा अर्थ नाही. रक्ताला यात दोष नाही.

मोबाइलला चिकटवायचा एक छोटा डर्मोस्कोप, म्हणजे कातडी पाहायचं भिंग, मिळतो, तो लावून चट्टा पाहिला की हेच न खरवडता दिसतं. फिकट लालसर जमिनीवर सगळीकडे सारख्या अंतरावर लाल ठिपके. रांगोळीचे ठिपके मांडून झालेत आणि रेषा ओढायच्या राहिल्यात, अगदी तसं. हा प्रत्येक ठिपका म्हणजे एका बोटातली पिळलेली केशवाहिनी, टोकाकडून पाहिलेली. आपल्या सावळ्या कातडीवर नुसत्या डोळ्यांना लाली नीट दिसतच नाही. चट्टा जांभळट किंवा तपकिरी वाटतो, आणि म्हणून आपल्याकडे कित्येकांना महिनोन्‌महिने गजकर्णाचं मलम चोपडून झाल्यावर सोरायसिसचं निदान होतं. ठिपके मात्र सावळ्या कातडीवरही भिंगातून सापडतात.

आता या वाहिन्या मुळात वाढतात कशाला? जुनी समजूत अशी की कातडीच्या पेशी फार वेगाने तयार होतात, त्यांना खाऊपिऊ घालायला रक्त जास्त लागतं, म्हणून वाहिन्या वाढतात. निरोगी कातडीत खालच्या ओळीतली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना घेते. सोरायसिसमध्ये तेच तीन ते पाच दिवसांत उरकतं. तेव्हा मागणी आहे म्हणून पुरवठा, असं वाटणं साहजिक आहे. पण १९७०च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली या केशवाहिन्या तपासल्या गेल्या तेव्हा गोष्ट एवढी सरळ नाही हे दिसलं. त्या नुसत्या लांब झालेल्या नव्हत्या, त्यांची जातच बदललेली होती. बोटातला वळसा एरवी धमनीच्या बाजूच्या घडणीचा असतो, इथे तो शिरेसारखा झालेला होता, भिंतीला बारीक खिडक्या पडलेल्या. आणि आजार ओसरला की वळसा पुन्हा पहिल्यासारखा होत होता. त्याच सुमाराला, १९७२ साली, ट्यूमर जगण्यासाठी स्वतःला रक्तवाहिन्या उगवून घेतो असं मांडणाऱ्या ज्यूडा फोकमन यांनी सोरायसिसमधल्या वाहिन्यांवर लेख लिहिला आणि वाहिन्यांची वाढ रोखून हा आजार आवरता येईल का, असा प्रश्न मांडला. ५० वर्षं उलटून गेली, तो प्रश्न अजून पूर्ण मिटलेला नाही.

शिरेसारख्या, खिडक्या पडलेल्या वाहिनीचं महत्त्व काय? तिच्यातून गळती होते. पाणी, प्रथिनं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पांढऱ्या पेशी बाहेर पडतात. आपण रक्तवाहिनीला नळ समजतो. सोरायसिसमध्ये ती दरवाजा आहे. तिच्या आतल्या अस्तरावर चिकट रेणू उगवतात, त्यांना धरून टी पेशी आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी थांबतात आणि भिंतीतून कातडीत शिरतात. त्या शिरल्या की टीएनएफ, आयएल-१७ असे संदेश सोडतात. त्या संदेशांनी कातडीच्या पेशी आणखी भडकतात आणि आणखी वाहिन्या मागवतात. दरवाजे वाढले की गर्दी वाढते, गर्दी वाढली की दरवाजे. गाडीत चढणारे आणि उतरणारे एकाच वेळी रेटत असले की सकाळी ८:४० वाजता दादर स्टेशनवर जे होतं, तेच.

वाहिन्या मागवायची जी चिठ्ठी असते तिचं नाव व्हीईजीएफ. १९८३ साली हा पदार्थ सापडला तो वाहिन्यांना पाझर फोडणारा म्हणून. वाहिन्या वाढवण्याचं त्याचं काम नंतर, १९८९च्या सुमारास, स्पष्ट झालं. १९९४ साली सोरायसिसच्या चट्ट्यात तो भरपूर असतो हे दाखवलं गेलं. २००३ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग आला, तो मला या सगळ्या विषयातला सगळ्यात डोळे उघडणारा वाटतो. शास्त्रज्ञांनी उंदराच्या जनुकांत अशी फेरफार केली की त्याच्या बाह्यत्वचेच्या अगदी तळाच्या ओळीतून व्हीईजीएफ जास्त बाहेर पडावं. बाकी काही केलं नाही. त्या उंदरांना पुढे सोरायसिससारखा आजार झाला. खवले, जाड कातडी, आत शिरलेल्या टी पेशी, सगळं आलं. आणि व्हीईजीएफ रोखणारं औषध दिल्यावर ते उतरलं. म्हणजे वाहिन्यांची वाढ हा नुसता परिणाम नाही, ती स्वतःही आग लावू शकते. उंदीर म्हणजे माणूस नाही, हे आहेच. उंदराची कातडी पातळ आणि केसाळ, आणि सोरायसिस त्याला आपणहून होत नाही.

"अगदी तळाची ओळ" असं वर म्हटलं, तिथेच तुमच्या स्टेम सेल्स येतात.

स्टेम सेल म्हणजे विरजण, असं मी पेशंटला सांगते. आज दही खाल्लं तरी चमचाभर बाजूला ठेवतो, उद्याचं दही त्यातून लागतं. कातडीत असं विरजण एकाच भांड्यात नाही. बाह्यत्वचेच्या तळाच्या ओळीत एक आहे, त्यातून रोजची कातडी तयार होते. केसाच्या मुळाजवळच्या फुगवट्यात एक आहे, ते केसासाठी आणि जखम झाली तर भर घालायला. रंग देणाऱ्या पेशींचं वेगळं. आणि खालच्या थरात, डर्मिसमध्ये, वाहिन्यांच्या आसपास आणि केसाच्या मुळाशी मेझेंकायमल स्टेम सेल्स नावाच्या पेशी असतात. लॅबमध्ये त्यांच्यापासून हाड, चरबी, कूर्चा बनवता येतं. पण कातडीत त्यांचं रोजचं काम बहुधा हे नाही. त्या शेजाऱ्यांना संदेश देतात. रोगप्रतिकारक पेशींना "शांत व्हा" म्हणतात, जखम भरताना वाहिन्यांना "इकडे या" म्हणतात. चाळीतल्या एखाद्या जुन्या आजी कशा असतात, स्वतः फारसं काही करत नाहीत, पण कोणाचं भांडण कुठे मिटवायचं आणि पाणी आलं की कोणाला हाक मारायची, हे त्यांच्याकडून ठरतं. तशा.

तुम्ही जे वाचलंत ते बहुधा याच पेशींबद्दल असावं. यावर दोन ठिकाणी बरंच काम झालंय, इटलीतल्या अँकोना इथे आणि चीनमधल्या ताइयुआन इथे. पद्धत साधारण अशी. चट्ट्यातून पंच बायोप्सीने कातडीचा छोटासा तुकडा घ्यायचा. एन्झाइमच्या पाण्यात ठेवला की बाह्यत्वचा सालीसारखी सुटते. खालचा भाग बारीक चिरून प्लॅस्टिकच्या बशीत ठेवायचा. ज्या पेशी तळाला चिकटतात आणि वाढतात त्या ठेवायच्या, बाकीच्या धुऊन टाकायच्या. पुन्हा वाढवायच्या, पुन्हा बशी बदलायची. निरोगी माणसांच्या कातडीतूनही तेच करायचं. मग दोन्हींची तुलना.

काय दिसलं? सोरायसिसच्या पेशींमध्ये व्हीईजीएफ जास्त. वाहिन्या फुगवणारं नायट्रिक ऑक्साइड तयार करणारं एन्झाइमही जास्त. त्या पेशींच्या सान्निध्यात रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी वाढवल्या तर त्या जास्त वाढतात, जास्त फिरतात आणि जेलवर एकमेकींना जोडून नळ्यांची जाळी जास्त बनवतात. एडिल-३ नावाचं आणखी एक प्रथिन या पेशी जास्त सोडतात, आणि ते अस्तराच्या पेशींवरच्या एका खुंटीला अडकून त्यांना वाढीचा हुकूम देतं, असं ताइयुआनच्या गटाने दाखवलं. आणि दुसऱ्या बाजूने, टी पेशींना आवरण्याचं या पेशींचं जे काम, त्यात सोरायसिसमधल्या पेशी निरोगी पेशींपेक्षा कमी पडतात. थोडक्यात, आजींनी भांडणं मिटवणं कमी केलं आणि हाका मारणं वाढवलं.

या प्रयोगांतली मला सगळ्यात खटकणारी, म्हणजे विचार करायला लावणारी गोष्ट वेगळी आहे. या पेशी बशीत आल्या तेव्हा त्यांच्याभोवती ना टी पेशी होत्या, ना आयएल-१७, ना दादाचं शरीर. कित्येक आठवडे ताजं अन्न, स्वच्छ बशी. तरी त्यांची वागणूक सोरायसिसचीच राहिली. ताजं दूध दिलं तरी विरजण आंबट ते आंबटच. म्हणजे कातडीला काहीतरी आठवण राहत असावी. बाह्यत्वचेच्या स्टेम सेल्सबाबत तर हे उंदरांत चांगलं दाखवलं गेलंय. २०१७ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या इलेन फुक्स यांच्या प्रयोगशाळेतून, श्रुती नाईक यांच्या पुढाकाराने, एक अभ्यास आला. उंदरांच्या कातडीला औषध लावून दाह निर्माण केला, तो पूर्ण बरा होऊ दिला आणि काही काळाने तिथेच जखम केली. ज्या कातडीला आधी दाह झाला होता ती लवकर भरून आली, कारण तिथल्या स्टेम सेल्सनी जुना दाह लक्षात ठेवला होता. जखमेसाठी ही आठवण वरदान. सोरायसिससाठी? बऱ्या झालेल्या चट्ट्यात आठवण ठेवणाऱ्या टी पेशीही मुक्काम ठोकून बसलेल्या असतात, हे तर माणसांतही दिसलंय. गुडघ्यावरचा चट्टा जातो आणि सहा महिन्यांनी त्याच गुडघ्यावर, त्याच नकाशात परत येतो, याचं उत्तर या सगळ्या आठवणींत कुठेतरी आहे.

आता माझ्या शंका, कारण नुसतं कौतुक करून भागत नाही. पहिली शंका नावाची. मेझेंकायमल स्टेम सेल कोणाला म्हणायचं, याचे निकष २००६ साली ठरले. प्लॅस्टिकला चिकटली पाहिजे, अमुक तीन खुणा तिच्या अंगावर हव्यात, आणि तिच्यापासून हाड, चरबी, कूर्चा झालं पाहिजे. गंमत अशी की डर्मिसमधल्या साध्या फायब्रोब्लास्टच्या, म्हणजे कातडीचे तंतू विणणाऱ्या पेशींच्या, अंगावरही त्याच तीन खुणा असतात. तेव्हा बशीत नक्की कोण किती आहे, हा वाद संपलेला नाही. दुसरी शंका, नळ्यांच्या प्रयोगात अस्तराच्या ज्या पेशी वापरतात त्या बहुतेकदा नवजात बाळाच्या नाळेतल्या शिरेच्या असतात. नाळेतली जाड शीर कुठे आणि दादाच्या गुडघ्यातली केशवाहिनी कुठे! तिसरी, चट्ट्यात व्हीईजीएफचा मोठा पुरवठा बाह्यत्वचेच्या पेशींकडूनच होतो. तेव्हा डर्मिसच्या स्टेम सेल्सचा वाटा खरा असला तरी तो किती, मुख्य की दुय्यम, हे बशीतल्या प्रयोगांवरून ठरवता येत नाही. आणि चौथी, कोंबडी आधी की अंडं. ११ वर्षं आगीत राहून पेशी अशा झाल्या, की त्या मुळातच अशा होत्या म्हणून आग लागली? चट्टा उठल्यावर घेतलेल्या तुकड्यातून हे कळत नाही.

यातल्या एका गोष्टीने माझ्या रोजच्या कामात मात्र फरक पडतो. अँकोनाच्या गटाने हेही दाखवलं की टीएनएफ रोखणारी औषधं दिली की याच स्टेम सेल्समधलं व्हीईजीएफ उतरतं. म्हणजे शेजारचा गोंगाट थांबवला की आजीही हळूहळू हाका मारायच्या थांबतात. पेशी बदलायला लागल्या नाहीत, शेजार बदलला. मला या सगळ्या संशोधनातून घ्यायचं ते एवढंच वाटतं. सोरायसिसमधली स्टेम सेल खलनायक नाही आणि देवही नाही. ती ऐकते, लक्षात ठेवते, आणि ऐकलेलं पुढे सांगते.

मग सरळ वाहिन्यांवरच घाव का घालत नाहीत, असं तुम्ही विचाराल. घालून पाहिलाय. रक्तवाहिनीच्या लालीला धरणारा पल्स्ड डाय लेसर हट्टी चट्ट्यांवर वापरतात, काहींना चांगला फरक पडतो. पण डाग छोटा असेल तर. पाठभर चट्टे असतील तर ते लेसरचं काम नाही. आतड्याच्या कॅन्सरसाठी व्हीईजीएफ रोखणारं बेव्हासिझुमॅब घेताना एका रुग्णाचा सोरायसिस पूर्ण गेला, अशी नोंद २००९ मध्ये छापून आली. पण एका रुग्णावरून औषध ठरत नाही. रक्तदाब वाढवणारं, रक्तस्राव करू शकणारं, जखमा भरू न देणारं औषध गुडघ्याकोपराच्या चट्ट्यांसाठी वर्षानुवर्षं देणं मला तरी मान्य नाही. सोरायसिससाठी असं औषध मंजूर झालेलंही नाही.

आणि एक औषध तर आपण कधीपासून वाहिन्यांवर वापरतोच आहोत, स्टेरॉइडचं मलम. ते दाह कमी करतं तसं वाहिन्या आकसवतंही. १९६२ पासून स्टेरॉइड मलमांची ताकद मोजण्याची एक पद्धतच अशी आहे की ते हातावर लावायचं आणि कातडी किती पांढरी पडते ते पाहायचं. म्हणूनच लावल्यावर दोन दिवसांत लाली जाते आणि पेशंट खूश होतो. लाली गेली, खवले गेले, मलम बंद. अशा वेळी मी भिंग लावते आणि पेशंटलाही स्क्रीनवर दाखवते. वरून कातडी गुळगुळीत, पण रांगोळीचे ठिपके तसेच. वाहिन्यांना आपली जुनी घडण परत घ्यायला वेळ लागतो. ठिपके असताना मलम एकदम थांबवलं की दोन-तीन आठवड्यांत खवले परत, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पैज लावू शकते. थांबवायचं ते टप्प्याटप्प्याने. रोजचं एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. आणि मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेलं जोरदार स्टेरॉइड वर्षभर जांघेत किंवा काखेत चोळू नका, तिथली कातडी कागदासारखी होते. तोंडाने घ्यायचं किंवा टोचायचं स्टेरॉइड तर सोरायसिसला शक्यतो नकोच. ते थांबवलं की आजार उसळतो, कधीकधी अंगभर पू भरलेल्या पुटकुळ्या येतात आणि माणूस ॲडमिट होतो.

आता पॅकेज. निरोगी माणसाच्या किंवा बाळाच्या नाळेतल्या मेझेंकायमल पेशी टी पेशींना शांत करतात, हे लॅबमध्ये खरं आहे. म्हणून तर त्यांच्यावर चाचण्या चालू आहेत. २०२२ साली चीनमधून नाळेतल्या पेशींची एक चाचणी प्रसिद्ध झाली. रुग्ण १७, आणि तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. काहींना फरक पडला. सोरायसिस आपोआपही चढतो-उतरतो, तेव्हा तुलनेचा गट नसलेल्या १७ जणांवरून मी कोणालाही काही सांगणार नाही. शेजारी ठेवून बघा, आयएल-१७ रोखणाऱ्या सेक्युकिनुमॅब या औषधाच्या मोठ्या चाचणीत खोट्या इंजेक्शनाशी तुलना करून १२ आठवड्यांत पाचातल्या साधारण चौघांचा आजार किमान तीन चतुर्थांशाने उतरला होता. शिवाय शिरेतून दिलेल्या या पेशी आधी फुप्फुसांत अडकतात आणि थोड्याच दिवसांत दिसेनाशा होतात. त्या गुडघ्यात जाऊन घर करतात आणि आंबट विरजणाच्या जागी गोड विरजण बसतं, असं जे चित्र क्लिनिकच्या माहितीपत्रकात असतं ते तसं घडत नाही. आणि दादाच्याच पोटाची चरबी काढून त्याच्याच पेशी टोचायच्या म्हणत असतील, तर तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे. ११ वर्षं सोरायसिस असलेल्या माणसाच्या पेशी निरोगी माणसासारख्या वागतील, हे गृहीत कसं धरायचं?

कायद्याचीही बाजू आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आणि अशा काही ठरावीक आजारांसाठीचं अस्थिमज्जा किंवा रक्ताच्या स्टेम सेल्सचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेल उपचार मान्यता मिळालेल्या चाचणीबाहेर देता येत नाही. सोरायसिस त्या यादीत नाही. त्यांनी "ही चाचणीच आहे" असं सांगितलं तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा आणि त्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. आणि लक्षात घ्या, खऱ्या चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. आगाऊ भरलं तर सवलत, हे शब्द ऐकले की उठून यायचं.

दादाने काय करायचं? मी त्याला पाहिलेलं नाही, म्हणून औषधाचं नाव लिहून देणार नाही. पण प्रश्न लिहून देते. सकाळी उठल्यावर बोटं किंवा पाठ अर्धा तास आखडलेली असते का? टाच दुखते का? नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत का? असतील तर सांध्यांचा सोरायसिस तपासायला हवा, आणि तो मलमांनी थांबत नाही. वजन, दारू, सिगरेट हे तिन्ही आजार भडकवतात, आणि तिन्हींबद्दल डॉक्टरांशी खरं बोलायचं. चट्टे थोडेच असतील तर मलमं आणि ३११ नॅनोमीटरची अल्ट्राव्हायोलेट किरणं, मुंबईत सरकारी-पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांतही ती मिळतात, फक्त आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं आणि नोकरी करणाऱ्याला तेच अवघड असतं. जास्त असतील तर मेथोट्रेक्सेट, ॲप्रेमिलास्ट, किंवा बायोलॉजिक, म्हणजे टीएनएफ, आयएल-१७ असा एखादा संदेश नेमका रोखणारं इंजेक्शन. बायोलॉजिक म्हटलं की लोक दचकतात, पण टीएनएफ रोखणाऱ्या अडॅलिमुमॅबची स्वस्त बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती, आवृत्ती जगात पहिल्यांदा २०१४ साली भारतातच बाजारात आली, आणि तेव्हापासून हे औषध बऱ्याच जास्त लोकांच्या आवाक्यात आलंय. फक्त ते सुरू करण्याआधी टीबीची तपासणी झालीच पाहिजे. मुंबईत तर आधी एक्स-रे आणि टीबीची टेस्ट, मग इंजेक्शन. टीएनएफ रोखलं की आत निजलेला टीबी जागा होऊ शकतो.

मेथोट्रेक्सेट लिहून दिलं तर एक गोष्ट फ्रीजवर कागद चिकटवून लिहा, ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. वार ठरवा, सोमवार तर सोमवार. हे औषध चुकून रोज घेतलं जातं आणि तोंडात फोड येऊन, रक्तातल्या पेशी कोसळून माणूस येतो. असे पेशंट मी पाहिलेत. प्रत्येक वेळी घरच्यांचं म्हणणं एकच होतं, "चिठ्ठीवर नीट वाचता आलं नाही."

आणि पुढच्या भेटीत दादाला सांगा, डॉक्टरांकडे भिंग असेल तर आपल्या चट्ट्याचा फोटो मोबाइलवर मागून घे. तीन महिन्यांनी त्याच जागेचा दुसरा. खवले गेलेले डोळ्यांना दिसतीलच, पण ठिपके कमी झालेत का ते त्या फोटोतच कळेल. गुडघे आणि कोपरं सगळ्यात शेवटी साफ होतात, तेव्हा फोटो तिथला नको, पोटाचा किंवा पाठीचा घ्या.